म्हणजे एवढे दिवस होते?

माझी भाची पुण्यात भौतिकशास्त्रात पीएचडी करते. सुट्टीला आमच्याकडे आली की जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तिच्या लॅपटॉपचा होतो आणि फोनवर मित्रमैत्रिणींशी तिचं अखंड चालू असतं. "रश्बा लावून बघितलास का?" "नाही नाही, आधी रश्बा शून्य कर, मग हळूहळू वाढव." रश्बा ही कमीजास्त करायची काहीतरी गोष्ट असावी, एवढं ऐकून ऐकून मला समजलं होतं. २०२५च्या जानेवारीत ती अशीच आलेली असताना चहा पिता पिता मोबाइलवर काहीतरी वाचून थांबली. "मामा, रश्बा गेले." बोटाने मजकूर खाली सरकवत म्हणाली, "सत्त्याण्णव वर्षांचे होते." आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "म्हणजे एवढे दिवस होते?"

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. ज्या माणसाला पाहिलं नाही, ज्याचा फोटोही कधी बघितला नाही, त्याच्यासाठी दुःख कुठून येणार? नवल होतं, आणि ज्याचं नाव रोज जिभेवर असतं तो माणूस आपल्याच काळात श्वास घेत होता हे उशिरा कळल्याचा थोडा संकोच होता. पुस्तकात ज्याच्या नावाचा परिणाम किंवा नियम असतो तो माणूस मेलेलाच असतो, हे आपण शाळेपासून धरून चालतो. ओहम, हॉल, केल्विन. त्यांना घर नसतं, नोकरीची चणचण नसते, कुणी त्यांना गाव सोडायला लावलेलं नसतं. ते थेट सूत्रात जन्मतात. भाची तिच्या कामाला लागली, मी मात्र पुढचे बरेच दिवस या इमॅन्युएल रश्बांच्या मागे लागलो.

मी स्वतः बीएस्सीपर्यंत भौतिकशास्त्र शिकलो आणि नंतर बँकेत चिकटलो. पण आमच्या पिढीचं भौतिकशास्त्राशी नातं जुळलं ते सोव्हिएत पुस्तकांमुळे. कॉलेजच्या आसपास त्यांची प्रदर्शनं भरायची. मीर प्रकाशनाचे कापडी बांधणीचे जाडजूड ग्रंथ, किंमत इतकी कमी की विकत घेताना लाज वाटावी. पानं उघडली की सरस आणि शाई यांचा एक उग्र, किंचित गोडसर वास यायचा. तो वास म्हणजे आमच्यासाठी रशिया. लेखक खारकीव्हचा असो, कीव्हचा असो की तिबिलिसीचा, आम्हाला सगळे रशियनच. प्रकाशकाचा पत्ता मॉस्कोचा, म्हणजे माणूस मॉस्कोचा. नकाशा उघडायची गरज कुणाला वाटली नाही, आणि त्या पुस्तकांनाही आम्हाला ती वाटावी असं वाटत नसावं.

रश्बा कीव्हचे. ३० ऑक्टोबर १९२७चा जन्म. घर ज्यू. १९ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजा कीव्हमध्ये शिरल्या आणि महिना संपायच्या आत, २९ आणि ३० तारखेला, शहराच्या कडेला बाबी यारच्या घळीत त्यांनी तेहतीस हजारांहून अधिक ज्यू गोळ्या घालून मारले. जर्मनांच्याच हिशेबात आकडा शेवटच्या अंकापर्यंत आहे : ३३,७७१. हिशेब ठेवायची ही हौस मला त्या संहाराइतकीच भयंकर वाटते. रश्बा कुटुंब तेव्हा तिथे नव्हतं, ते पूर्वेला कझानला निघून गेलेलं होतं. चौदाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावरचा एक मुलगा गावात नव्हता, म्हणून आज माझी भाची फोनवर त्याचं नाव घेते. याच्यापुढे मला काही सुचत नाही.

कझान व्होल्गाच्या काठचं तातारांचं शहर. युद्धाच्या वर्षांत अर्धा देश तिथे आणि त्याच्याही पलीकडे येऊन पडला होता. भौतिकीचा अभ्यास रश्बांनी तिथल्याच विद्यापीठात सुरू केला. आणि त्याच विद्यापीठात, १९४४ साली, येवगेनी झावोयस्की यांनी एक प्रयोग तडीला नेला होता. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थावर योग्य कंप्रतेचं हेलकावणारं चुंबकीय क्षेत्र सोडलं की त्यातल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन (प्रत्येक इलेक्ट्रॉनमध्ये जणू एक चिमुकली चुंबकसुई असते, ती) उलटतात, आणि ते उलटणं मोजता येतं. आज रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतून हे रोजचं काम झालं आहे. या प्रयोगाचा आणि त्या मुलाचा तेव्हा काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण स्पिन उलटवायला चुंबकच कशाला हवं, हा प्रश्न पुढे याच मुलाने सोडवला, म्हणून ते शहर मनात राहतं.

युद्ध संपल्यावर ते कीव्हला परतले. विद्यापीठाची व्होलोदिमिर्स्का रस्त्यावरची ती प्रसिद्ध लाल इमारत १९४३ मध्ये जळाली होती, आणि ती पुन्हा उभी करायला विद्यार्थी-प्राध्यापकच विटा-माती वाहत होते. पण शिकवायला कोण होते बघा : सोलोमन पेकर, अलेक्झांडर दावीदोव्ह, किरिलो तोल्पिगो. पेकर त्या वेळी तिशीच्या आसपासचे. १९४६ मध्ये त्यांनी पोलॅरॉनची कल्पना मांडली होती, नावही त्यांचंच. मिठासारख्या आयनी स्फटिकात एखादा इलेक्ट्रॉन आला की भोवतीच्या आयनांना तो ओढतो-ढकलतो, त्यातून स्वतःभोवती एक खड्डा तयार करतो आणि त्यातच अडकून बसतो. पुढे कुठेही जायचं तर तो खड्डा बरोबर घेऊन जायचा. अशा माणसांच्या हाताखाली रश्बा १९४९ साली गुणवत्तेसह पदवीधर झाले.

आणि मग नोकरी नाही.

१९४९ हे वर्षच तसं होतं. जानेवारीत सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या वृत्तपत्राने मूळ नसलेल्या विश्वनागरिकांवर तोफ डागली होती. हे विश्वनागरिक म्हणजे कोण, हे ज्यू आडनावांवरून लोकांना बरोबर कळत होतं. रश्बांनी त्या काळात एकामागून एक तात्पुरत्या नोकऱ्या केल्या. स्टालिन मेला मार्च १९५३ मध्ये आणि पन्नासचं दशक अर्ध्यावर आलं, तेव्हा कुठे ते युक्रेनच्या विज्ञान अकादमीच्या भौतिकी संस्थेत स्थिरावले. १९५६ मध्ये पहिली संशोधन पदवी मिळाली. चरित्राच्या टिपणात ही वर्षं एका ओळीत उरकतात. पंचविशीच्या आतबाहेरची ती वर्षं सैद्धांतिक भौतिकीवाल्याच्या आयुष्यातली सर्वांत सुपीक मानली जातात. पण या माणसाची सुपीक वर्षं तिथे नव्हतीच, ती नंतर फार लांबवर पसरत गेली. तेव्हा हे पंचविशीचं शास्त्र कितपत खरं मानायचं, मला शंका आहे.

त्या संस्थेत तेव्हा ज्या पदार्थावर मोठं काम चाललं होतं तो वाचून मी उठून कपाटापाशी गेलो. नॅफ्थलीन! आपल्या डांबरगोळ्या. आमच्या आईच्या पैठणीला, वडिलांच्या लोकरी कोटाला, लग्नाच्या शालूला जो वास असायचा तो. अंतोनिना प्रिखोत्को या बाईंनी नॅफ्थलीनचे पातळ स्फटिक द्रवरूप हायड्रोजनच्या थंडीत, उणे २५३ अंशांच्या आसपास नेऊन त्यांच्यातून प्रकाश सोडला होता. १९४४ साली, भर युद्धात, त्यांचा हा निबंध छापून आला. खोलीच्या तापमानाला प्रकाशाच्या शोषणाच्या ज्या रेषा पसरट, फासलेल्या दिसतात त्या थंडीत बारीक आणि सुट्या होतात. दावीदोव्हनी १९४८ मध्ये त्यांचा अर्थ लावला : प्रकाशाने एका रेणूला दिलेली चेतना त्या रेणूपाशी थांबत नाही, रेणूरेणूंतून सगळ्या स्फटिकात फिरते (या फिरत्या चेतनेला एक्सिटॉन म्हणतात), आणि स्फटिकाच्या प्रत्येक घरात दोन रेणू वेगवेगळ्या कलाने बसलेले असल्यामुळे एका रेषेच्या दोन होतात. रश्बांनी या फिरत्या चेतनेत एक अशुद्ध रेणू टाकून पाहिला, अर्थात कागदावर. त्यांना दिसलं की त्या रेणूची पातळी स्फटिकाच्या चेतनेच्या पट्ट्याजवळ असली तर प्रकाश शोषण्याची त्याची ताकद अवाढव्य वाढते, कारण आजूबाजूचे कितीतरी रेणू त्याच्या मागे उभे राहतात. व्लादिमिर ब्राउदे आणि प्रिखोत्को यांच्याबरोबरच्या कामात ते प्रत्यक्ष दिसलंही. १९६६ मध्ये या सगळ्या कामासाठी लेनिन पुरस्कार मिळाला तेव्हा यादीत प्रिखोत्को, दावीदोव्ह, ब्राउदे होते, लेनिनग्राडचे ग्रॉस होते आणि रश्बाही होते. म्हणजे त्यांच्या देशाने त्यांना ओळखलं ते डांबरगोळीसाठी. माझ्या भाचीला हे ठाऊक नव्हतं. तिने गोळी हुंगून पाहिली आणि शिंकली.

भाचीचा रश्बा वेगळा आहे. १९५९ साली, लेनिनग्राडहून निघालेल्या एका लेखसंग्रहात, वालेंतिन शेका यांच्याबरोबर लिहिलेला पंधराएक पानांचा निबंध. विषय वर्टझाइट जातीच्या स्फटिकांतल्या ऊर्जापट्ट्यांची सममिती. कॅडमियम सल्फाइड हे त्यातलं एक, कीव्हमध्ये ते पुष्कळ अभ्यासलं जायचं. मुद्दा सांगायचा प्रयत्न करतो. इलेक्ट्रॉनचा स्पिन वर किंवा खाली असतो असं समजा. बाहेर चुंबक नसेल तर वर आणि खाली यांच्या ऊर्जेत फरक पडायचं कारण नाही असं आपल्याला वाटतं. पण ते खरं ठरायला दोन गोष्टी लागतात. एक काळाची : चित्रपट उलटा फिरवला तर उजवीकडे जाणारा वर-स्पिन हा डावीकडे जाणारा खाली-स्पिन होतो, म्हणून त्या दोघांची ऊर्जा सारखी. दुसरी जागेची : मधल्या बिंदूतून स्फटिक उलटा केला तरी तसाच राहत असेल, तर उजवीकडे जाणारा वर-स्पिन आणि डावीकडे जाणारा वर-स्पिन यांची ऊर्जा सारखी. दोन्ही एकत्र घेतल्या की वर आणि खाली यांत भेद उरत नाही. वर्टझाइटमध्ये यातली दुसरी गोष्ट नसते, एका अक्षावरची वरची दिशा आणि खालची दिशा तिथे सारखी नाही. झालं. चुंबक नसतानाही दोन स्पिन वेगळे होतात, आणि स्पिनची दिशा इलेक्ट्रॉनच्या धावण्याच्या दिशेला काटकोनात बांधली जाते. साध्या अर्धवाहकात सर्वांत कमी ऊर्जेचा बिंदू एकच असतो, इथे त्या बिंदूचं कडं होतं. काचेच्या बाटलीचं बूड मधोमध वर आलेलं असतं आणि तळाशी उरलेलं पाणी भोवतीच्या चरात गोल साचतं, तसं.

पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, रश्बांनी एकट्याने लिहिलेल्या निबंधात या कड्याचे परिणाम तपासले. त्यातला एक असा की स्पिन आणि धावणं एकमेकांना बांधलेलं असल्यामुळे इलेक्ट्रॉनला नुसत्या हेलकावणाऱ्या विद्युत क्षेत्राने झुलवलं तरी त्याचा स्पिन उलटू शकतो. झावोयस्कींना जे करायला चुंबकीय क्षेत्राचे हेलकावे लागले, ते विजेने. १९६४ मध्ये पेकर आणि रश्बा यांनी दाखवलं की स्फटिकात हे बंधन नसलं तरी चालेल, जागोजागी बदलणारं चुंबकीय क्षेत्र असलं तरी तेच काम होतं. आज सिलिकॉनमध्ये एकेका इलेक्ट्रॉनचा क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ घटक, करणाऱ्या प्रयोगशाळा शेजारी कोबाल्टचं चिमुकलं चुंबक बसवतात ते याचसाठी. कीव्हमध्ये १९६४ साली एकेका इलेक्ट्रॉनला कुणी हात लावू शकत नव्हतं.

आणि त्या १९५९च्या निबंधाकडे जगाने काही बघितलं नाही. सोव्हिएत नियतकालिकांची इंग्रजी भाषांतरं अमेरिकेत होत असत, पण हा निबंध संग्रहात होता, नियतकालिकात नव्हता, त्यामुळे तो रशियनमध्येच राहून गेला. १९६० मध्ये रश्बा कीव्हच्या नव्या अर्धवाहक संस्थेत गेले होते, ती संस्था उभी करण्यात पेकर यांचा हात होता. १९६६च्या सुमारास मॉस्कोपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या चेर्नोगोलोव्का नावाच्या विज्ञानगावातून बोलावणं आलं. लेव लांदाऊ १९६२च्या मोटार अपघातातून उठले खरे, पण भौतिकीकडे परतू शकले नाहीत. त्यांच्या शिष्यांनी त्यांच्या परंपरेची संस्था तिथे काढली होती. रश्बा तिथे पंचवीसएक वर्षं राहिले. त्या मधल्या काळात त्यांनी बसून वाट पाहिली असं काही नाही. ते एक्सिटॉन, पोलॅरॉन करत राहिले. वाट आपण पाहतो, मागून वाचणारे.

मग १९८४. अर्धवाहकांच्या दोन थरांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉनांची एक पातळ चादर तयार करता येऊ लागली होती, आणि तिच्यावरच्या प्रयोगांत चुंबकाशिवाय स्पिन वेगळे झाल्याच्या खुणा दिसत होत्या. सांध्याची एक बाजू दुसरीसारखी नसणारच, म्हणजे वर-खाली भेद आपसूक आला. युरी बिचकोव्ह यांच्याबरोबर रश्बांनी तोच जुना विचार या चादरीवर लावला. 'रश्बा परिणाम' हे नाव रूढ झालं ते इथून. १९९० मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात सुप्रियो दत्ता (खरगपूर आयआयटीचे विद्यार्थी) आणि बिश्वजित दास यांनी सुचवलं की वरून व्होल्टेज देऊन हे बंधन कमीजास्त करता आलं, तर धावत्या इलेक्ट्रॉनचा स्पिन हवा तेवढा वळवून ट्रान्झिस्टर करता येईल. १९९७ मध्ये जपानमध्ये जुन्साकू नित्ता आणि सहकाऱ्यांनी व्होल्टेजने ते खरोखरच कमीजास्त होतं हे मोजलं. तो ट्रान्झिस्टर आजही दुकानात मिळत नाही, हेही सांगायला हवं. लोक असल्या लेखांत हा भाग गाळतात. पण सोन्याच्या पृष्ठभागावर, बिस्मथच्या संयुगांत, ग्राफीनच्या समीकरणांत, जिथे जिथे वर आणि खाली सारखं नाही तिथे तिथे रश्बा सापडू लागले. "हळूहळू वाढव" म्हणजे काय वाढवायचं ते मला आत्ता कळलं.

१९९१ मध्ये रश्बा अमेरिकेला गेले, चौसष्टीत. आमच्या राज्य सरकारी कर्मचाऱ्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतात, आणि खरं सांगायचं तर तो खूशही असतो. मीही खूश होतो. त्या वयात नवा देश, नवी भाषा, कायमची जागा नाही, आज युटा तर उद्या बफेलो, मग बोस्टनकडे एमआयटी आणि हार्वर्ड. याचं कौतुक करावं की एवढ्या मोठ्या माणसाला असं फिरावं लागलं याची खंत करावी, माझं मन ठरत नाही. दोन्ही खरं असावं. २००० साली काही संशोधकांनी दाखवलं की लोखंडासारख्या चुंबकीय धातूतून अर्धवाहकात स्पिन पाठवायला गेलं तर ते आत शिरतच नाहीत, कारण दोघांच्या विद्युतवाहकतेत जमीन-अस्मानाचा फरक. त्याच नियतकालिकाच्या त्याच खंडात, काही महिन्यांच्या आत, रश्बांचा एकट्याच्या नावाचा छोटा निबंध आला : मध्ये एक पातळ अडथळा ठेवा, इलेक्ट्रॉन त्यातून बोगद्यासारखे पार होतील आणि स्पिन टिकेल. प्रश्न तरुणांचा, उत्तर त्र्याहत्तरीतल्या माणसाचं. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही ते स्पिन आणि कक्षा (म्हणजे इलेक्ट्रॉनचं धावणं) यांच्या बंधनावर लिहीत होते.

मला मात्र मधूनमधून शेका आठवतात. १९५९च्या निबंधावर दोन नावं आहेत. १९८४च्या निबंधांवरही दोन. परिणामाला नाव एकाचंच उरलं. बिचकोव्ह यांचं नाव अजून कधीकधी जोडून येतं, शेका यांचं फार क्वचित. यात रश्बांचा दोष काढायला जागा नाही. नावं रूढ करतात ती माझ्या भाचीसारखी घाईतली माणसं, आणि फोनवर दोन आडनावं कोण उच्चारणार? शेका कीव्हच्या त्याच संस्थेत होते आणि दोघांची सोबत सुटलेली नव्हती. विजेने स्पिन उलटवण्याच्या विषयावर दोघांनी मिळून लिहिलेलं विस्तृत प्रकरण १९९१ साली एका ग्रंथात छापून आलं, बत्तीस वर्षांनी पुन्हा शेजारी शेजारी नावं. लिहिताना एक कीव्हचा आणि एक चेर्नोगोलोव्काचा, पण देश एकच होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो देश संपला. १९५९च्या निबंधाचं इंग्रजी भाषांतर झालं ते २०१५ मध्ये, एका नियतकालिकाने रश्बा परिणामावर विशेषांक काढला त्याची पुरवणी म्हणून. छप्पन्न वर्षांनी. भाचीने ते उतरवून घेतलं, आणि तक्त्यांवर तक्ते पाहून म्हणाली, "यात ट्रान्झिस्टर वगैरे काहीच नाहीये." नाहीच. कॅडमियम सल्फाइडच्या सममितीत गढून गेलेल्या दोघा जणांना ट्रान्झिस्टर कशाला आठवेल?

घनपदार्थांच्या भौतिकीतला अमेरिकेतला मानाचा बकली पुरस्कार २०२२ साठी रश्बांना आणि जीन ड्रेसेलहाउस यांना जाहीर झाला. ड्रेसेलहाउसनी १९५५ मध्ये दुसऱ्या जातीच्या स्फटिकांत असाच भेद दाखवला होता. ते २०२१ मध्येच वारले. रश्बा चौऱ्याण्णव वर्षांचे होते. अमेरिकन फिजिकल सोसायटीचं २०२२चं मार्चचं अधिवेशन शिकागोत १४ तारखेला सुरू झालं, तेव्हा रशियन फौजा कीव्हच्या वेशीवर येऊन तीन आठवडे होत आले होते. ऑक्टोबरात एक क्षेपणास्त्र व्होलोदिमिर्स्का रस्त्यावरच्या चौकात, विद्यापीठाच्या लाल इमारतीजवळ पडलं. भाचीला मी विचारलं की तुमच्या पुस्तकात रश्बांच्या नावापुढे देश कुठला लिहितात. ती म्हणाली, "परिणामाला देश नसतो, मामा," आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये शिरली. हे उत्तर मला पटलेलं नाही. देश नसतो म्हणायला तिला सोपं आहे. तिला अजून कुणी आडनावावरून नोकरी नाकारलेली नाही, आणि तिचं गाव कुणी घळीत लोटलेलं नाही.